खड्डा तोच, रोप नवे

नांदेड आणि लातूर यांचे एखाद्या गोष्टीवर एकमत होणे ही मराठवाड्यातली दुर्मीळ घटना आहे. २००९ साली महसूल आयुक्तालय नांदेडला द्यायचे ठरले तर लातूरकर रस्त्यावर उतरले. मुख्यमंत्रिपदाचे म्हणाल तर शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री या दोन जिल्ह्यांनी राज्याला दिले, तेही एकदा यांचा तर एकदा त्यांचा अशा हिशेबाने. दोनदा तर, १९८६ आणि २००८ मध्ये, खुर्ची लातूरकडून थेट नांदेडकडे गेली. इतकी राजकीय पुण्याई गाठीला असलेल्या या दोन शहरांत मे महिन्याच्या दुपारी स्कूटर लावायला सावली सापडत नाही, आणि या एका बाबतीत दोघांत वाद नाही. शहरातल्या झाडांचे काय करायचे हे दोघांनाही पाठ आहे. पावसाळा लागला की खड्डा घ्यायचा, त्यात रोप ठेवायचे, रोपाच्या मागे अकरा माणसे उभी करायची, बाराव्याने फोटो काढायचा आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यापाशी पुन्हा भेटायचे. या सगळ्या व्यवहारात वर्षानुवर्षे टिकून राहतो तो खड्डा. (राज्यातल्या बाकीच्या शहरांनी यात स्वतःला कमी लेखू नये. त्यांच्याकडेही हेच चालते, फक्त ऊन थोडे कमी असते.) याचा दोष आळसाला देण्याची पद्धत आहे आणि ती चुकीची आहे. आळशी माणूस दरवर्षी तोच खड्डा उकरत नाही. शहर मन लावून काम करते आहे. मात्र ज्याची मोजदाद होते तेवढेच काम ते करते, आणि आपल्याकडे मोजदाद होते ती लावण्याची. जगण्याचा रकाना फॉर्मवर नाही.

पुरावा सरकारी आकड्यांतच आहे. १ जुलै २०१६ रोजी राज्याने एका दिवसात २ कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला, आणि जाहीर झालेला आकडा होता २ कोटी ८२ लाख. ठरवले त्याहून चाळीस टक्के जास्त काम, तेही त्याच दिवशी, सरकारी इतिहासात दुसऱ्या कोणत्या खात्याने केले असेल तर त्याचा सत्कार व्हायला हवा. मग २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी अशी उद्दिष्टे चढत गेली. चारही वर्षांची बेरीज ५२ कोटी होते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र होता ११ कोटी २४ लाखांचा, म्हणजे पाळण्यातल्या लेकरापासून माणशी साडेचार झाडे. त्या जनगणनेत नांदेड शहर साडेपाच लाखांचे आणि लातूर ३ लाख ८३ हजारांचे होते, तेव्हा या दराने नांदेडच्या वाट्याला पंचवीस लाख आणि लातूरच्या वाट्याला सतरा लाख झाडे येतात. ती सगळी उभी असती तर नांदेडला आयटीआयपासून शिवाजीनगरपर्यंत जायला वाटाड्या करावा लागला असता आणि लातूरच्या गंजगोलाईत येणाऱ्या सोळाच्या सोळा रस्त्यांवर वनखात्याची चौकी बसली असती. आता कोणी म्हणेल की ही झाडे शहरात लावायची नव्हतीच, त्यातली बहुतेक जंगलाच्या जमिनीवर गेली. म्हणणे रास्त आहे. पण लातूर जिल्ह्याच्या क्षेत्रफळात जंगलाचा वाटा एक टक्काही भरत नाही. तिथे जंगलात झाडे लावायची तर आधी जंगल लावावे लागेल. शेवटी २०२१ मध्ये या वृक्षलागवडीची चौकशी करायला विधिमंडळाची समिती नेमली गेली. झाड जागेवर आहे की नाही हे खरे तर कोणत्याही कावळ्याला विचारले असते तरी कळले असते, पण त्याचा अहवाल सभागृहात ठेवता येत नाही.

यातली गंमत अशी की लातूरला निकाल मोजायचा कसा हे कोणी शिकवायला नको. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द आख्ख्या राज्याला माहीत झाला तो निकालामुळे. शिकवणीच्या पाट्यांवर पोरांचे फोटो आणि गुण छापलेले असतात. किती जणांनी प्रवेश घेतला हे कोणी छापत नाही, कारण प्रवेश घेणे यात कर्तृत्व काही नाही, फी भरली की झाले. नीटला किती बसले हे बाप विचारत नाही, किती लागले ते विचारतो. आणि हाच बाप, हाच प्राध्यापक, हाच नगरसेवक जुलैत कुदळ हातात आली की निकालाचे नाव काढत नाही. ‘यंदा प्रभागात हजार झाडे लावली’ हे ऐकून टाळ्या पडतात, आणि गेल्या वर्षीच्या हजारांतली किती पास झाली हा प्रश्न व्यासपीठावर विचारणे अशुभ मानले जाते, बारशाला मयताचा विषय काढल्यासारखे. झाडांच्या बाबतीत आपला पॅटर्न फक्त प्रवेशाचा आहे. त्यातही नापास झालेले रोप मुकाट्याने वाळून जागा मोकळी करते, म्हणजे पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची सोय झाली. उलट जे रोप जगले ते अडचणीचे. त्याची जागा अडली, तिथे पुन्हा कार्यक्रम होत नाही, त्याला पाणी लागते, फांद्या तारेला लागतात आणि महावितरणची गाडी येते. हिशेबाच्या वहीत मेलेले रोप उत्पन्न देते आणि जगलेले रोप खर्चात पडते. मग शहराने कोणत्या रोपावर जीव लावावा?

कायदा नाही म्हणून असे होते असे म्हणायलाही जागा नाही. शहरांतल्या झाडांचे संरक्षण आणि जतन यांसाठी राज्याने १९७५ सालीच अधिनियम केला, म्हणजे आणीबाणीच्या वर्षी जन्मलेला हा कायदा आता पन्नाशीचा आहे. त्यात महापालिकेला वृक्ष प्राधिकरण दिले आहे आणि त्याच्या अध्यक्षस्थानी आयुक्त बसवले आहेत. वृक्ष अधिकारी दिला आहे, दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायला सांगितले आहे, आणि घरपट्टीबरोबर वृक्ष उपकर वसूल करायचीही मुभा दिली आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात आणखी भर घातली. पन्नास वर्षे पुरी केलेल्या झाडाला वारसा वृक्षाचा मान मिळाला. एक झाड तोडायचे तर त्याचे जितके वय तितकी रोपे लावायची, ती सहा ते आठ फूट उंचीची हवीत, त्यांचे जिओटॅगिंग करायचे आणि सात वर्षे सांभाळायची, असे ठरले. नीट वाचले तर इथे एक विलक्षण गोष्ट दिसते. जो झाड तोडतो त्याच्यावर सात वर्षांची जबाबदारी आहे, आणि जो हौसेने लावतो त्याच्यावर एका दुपारचीही नाही. म्हणजे झाड जगवायचे कसे हे कायदे करणाऱ्यांना पक्के ठाऊक आहे, पण ते ज्ञान त्यांनी शिक्षेच्या कलमात ठेवले आहे. ऐंशी वर्षांच्या वडाच्या बदल्यात ऐंशी रोपे हा न्यायही कागदावर फार शोभतो. पण समजा, नांदेडच्या वजिराबादेतला एखादा वड रस्त्यात आला आणि पडला. त्याचे ऐंशी वारस लावायला वजिराबादेत जागा कुठली, ते जाणार शहराबाहेरच्या गायरानात. वडाखाली बसणारा चांभार, फळवाला आणि रिक्षावाले यांनी सावलीसाठी रोज गायरानात जावे अशी कायद्याची अपेक्षा असेल तर तसे स्पष्ट लिहायला हवे होते. बीडजवळच्या पालवणला फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्ष संमेलन भरले, त्याचे अध्यक्षपद एका वडाच्या झाडाला दिले होते. अध्यक्षीय भाषण न करणारा संमेलनाध्यक्ष मराठी माणसाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला असावा. आमची सूचना एवढीच की प्राधिकरणाच्या बैठकीलाही एखादा वड सदस्य म्हणून घ्यावा. निदान कोरम तरी हलणार नाही.

लावलेल्या रोपांपैकी एखादे चुकून वाढलेच, तर पुढे त्याचे काय होते हे जवळ जाऊन पाहण्यासारखे असते. कोणत्याही जुन्या रस्त्यावरचा एक करंज किंवा कडुनिंब घ्या. त्याच्याभोवती कधीकाळी लोखंडी जाळी बसवली होती, तिच्यावर ‘सौजन्य’ लिहून कुणाच्या तरी नावाची पाटी होती. झाड वाढले, जाळी काढायचे काम कुणाच्याच खात्यात नव्हते. मग सालीने हळूहळू लोखंड गिळायला सुरुवात केली. आडव्या पट्टीवरून ओठासारखी फुगून आलेली साल, तिच्यातून बाहेर राहिलेले दोन गज आणि पाटीवरची शेवटची दोन अक्षरे एवढेच आता दिसते. देणगीदार झाडाच्या पोटात गेला आहे. बुंध्याला खालून तीन फुटांपर्यंत गेरू आणि त्यावर चुन्याचा पट्टा. हा रंग वाळवीसाठी लावतात असे म्हणतात, पण त्याची तारीख पाहिली तर तो मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी लावलेला दिसतो. त्यावर वाढदिवसाच्या फलकाचे खिळे आणि ‘शुभेच्छुक’ मंडळींच्या गेल्या तीन वर्षांच्या सुतळ्या. आणि खाली पेव्हर ब्लॉक, अगदी बुंध्याला भिडवून, इतक्या सफाईने की मुंगीलाही मुळाशी जायला परवानगी काढावी लागेल. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१३ मध्येच सांगितले होते की झाडाभोवतीचे एक मीटर काँक्रीट काढा. मुळांना हवा आणि पाणी लागते हे सांगायला लवाद लागला, यावरूनच गवंड्यांच्या जगात झाडाचा दर्जा कळतो. वरून गेरूचुना, खालून सिमेंट आणि मधून खिळे अशा व्यवस्थेत उभा असलेला हा निंब वळवाच्या पहिल्या वावटळीत आडवा झाला की दुसऱ्या दिवशी बातमी येते: वादळाने झाड उन्मळून पडले. सहा महिन्यांपूर्वी ड्रेनेजच्या चरासाठी जेसीबीने त्याची एका बाजूची मुळे छाटली होती, ते बातमीत नसते. वादळाला वकील मिळत नाही.

काय लावायचे याचीही निवड लावण्याच्या दिवसावर नजर ठेवूनच होते. फोटोत हिरवे दिसणारे, नर्सरीत झटपट वाढणारे आणि शेळी तोंड न लावणारे ते उत्तम झाड. त्यामुळे आधी गुलमोहर, मग सुबाभूळ आणि निलगिरी, मग सप्तपर्णी आणि अलीकडे कोनोकार्पस अशी फॅशन बदलत गेली. कोनोकार्पस हे सोमालिया-येमेनकडचे झाड. वाळवंटातून आलेले असल्याने त्याला आमच्याकडे सासुरवास वाटत नाही आणि दुभाजकांत ते झपाट्याने पसरले. २०२३ मध्ये गुजरात सरकारने त्याच्या लागवडीवर बंदी घातली, कारण मुळे पाइपांत आणि केबलींत घुसतात आणि परागकणांचा श्वासाला त्रास होतो. दुभाजक हे तर शहराचे आवडते जंगल आहे. दोन फूट रुंद, दोन्हीकडून सिमेंट, आत ठेकेदाराने भरलेला मुरूम आणि बांधकामाचा राडा. तिथे झाड लावले की सावली पडते ती रस्त्याच्या मधोमध, जिथे थांबायला बंदी आहे. पादचारी चालतो कडेने, उन्हातून, सावलीकडे बघत.

बागांचा कारभार मात्र जोरात असतो, कारण बागेचे उद्घाटन होते. केंद्राची अमृत योजना २०१५ मध्ये आली, तिच्यात दोन्ही शहरे बसली आणि उद्याने व हिरव्या जागांसाठी तिच्या निधीतला थोडा वाटा, जास्तीत जास्त अडीच टक्के, राखून ठेवलेला होता. योजनेचा पैसा बांधायला मिळतो, राखायला नाही, ही मेख सगळ्याच योजनांत असते. त्यामुळे आपल्या बागांत बांधण्यासारखे जे जे आहे ते ते मुबलक आहे: कमान, कोनशिला, ओपन जिम, सेल्फी पॉइंट, उद्घाटनाच्या संध्याकाळी उडालेले आणि मग विचारात पडलेले कारंजे. आणि एक वस्तू तर मराठवाड्याच्या उद्यानकलेचा कळस म्हणावी अशी, सिमेंटचे झाड. तोडलेल्या ओंडक्यासारखे बाक, त्यावर ब्रशने काढलेली सालीची रेघन् रेघ, कापलेल्या तोंडावर वयाची वर्तुळे, आणि शेजारी कचरा टाकायला पोकळ बुंधा. ओंडका दाखवायला कारागीर इतका जीव ओततो की खरे झाड पाहून त्याने हे केले याबद्दल शंका राहत नाही. या झाडाला पाणी नको, माळी नको, पानगळ नाही. दोन वर्षांनी रंग द्यावा लागतो आणि त्याची स्वतंत्र निविदा निघते. उद्यान विभागाच्या दृष्टीने याहून गुणी झाड निसर्गाला साधलेले नाही. खऱ्या हिरवळीचे म्हणाल तर ती लॉनची असते. चव्वेचाळीस अंशांत लॉन जगवणे म्हणजे रोज पाण्याचा टँकर ओतून तिच्यावर ‘बसू नये’ अशी पाटी लावणे. त्या पाण्यात पंचवीस निंब वाढले असते आणि खाली बसायला पाटीची अडचणही नव्हती.

आता सगळ्यांत जड आक्षेप. इथे प्यायला पाणी नाही, तिथे झाडांना कुठून घालणार? लातूरच्या तोंडी हा प्रश्न शोभतोही. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागलेले हे शहर आहे. मांजरा धरण आटले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली गाडी आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. पुढे पन्नास वाघिणींची ‘जलदूत’ पंचवीस लाख लिटर आणू लागली. ती गाडी धावत असतानाच १ जुलै उजाडला आणि वृक्षारोपणही पार पडले, तेव्हा पाण्याची अडचण लावण्याला आड येत नाही हे सिद्ध झाले. ती येते फक्त जगवण्याला. तरी आक्षेप गंभीरपणे घेऊ आणि हिशेब मांडू. रोपाला आठवड्याला वीस लिटर पाणी, म्हणजे लग्नाच्या मांडवात ठेवतात तो एक जार, पुरेसे धरू. मडके पुरून, आळ्यात पालापाचोळा पसरून दिले तर काळ्या जमिनीतही ते पुरते. न पसरता दिले तर मार्चमध्ये जमिनीला बोट जाईल अशी भेग पडते आणि तिच्यातून अर्धे पाणी वाफ होऊन जाते. दहा हजार रोपांना आठवड्याला दोन लाख लिटर लागले. हे त्या गाडीच्या चार वाघिणींएवढे पाणी. आता दुसरी बाजू. लातूरच्या २०११ च्या लोकसंख्येला माणशी सत्तर लिटर जरी मिळाले आणि त्यातले ऐंशी टक्के गटारात गेले, हे प्रमाण अभियंते नेहमीच धरतात, तरी रोजचे सांडपाणी होते दोन कोटी लिटरच्या वर. दहा हजार झाडांची आठवड्याची तहान म्हणजे एका दिवसाच्या सांडपाण्याचा शंभरावा हिस्सा. शुद्ध करून तेवढे टँकरमध्ये भरायचे आहे. आणि नांदेडने तर हा आक्षेप घेऊच नये. विष्णुपुरी धरणाचे पाणी उशाला, गोदावरी गावातून वाहते, आणि सगळ्या गावाचे नाले आपणहून तिच्याकडे निघालेले असतात. त्यांना वाटेत थोडे थांबवून झाडांकडे वळवायचे तेवढे काम आहे. पाण्याच्या टंचाईचा खरा परिणाम उलटा व्हायला हवा होता. ज्या गावाला पाणी रेल्वेने आणावे लागले त्याने हजार रोपे लावून नऊशे वाळवू नयेत, शंभर लावून शंभर जगवावीत. पण शंभरचा आकडा बॅनरवर लहान दिसतो.

पैसा आणि माणसे नाहीत हा दुसरा आक्षेप, आणि तो अर्धा खरा आहे. माळी निवृत्त होतो, त्याची जागा भरत नाहीत, काम गुत्तेदाराकडे जाते, आणि गुत्तेदाराला देयक मिळते ते खड्ड्यांच्या संख्येवर. म्हणून तो खड्डे घेतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, खड्ड्याचेच पैसे असतील तर कोणताही शहाणा माणूस खड्डाच घेईल. वृक्ष उपकर घरपट्टीच्या पावतीवर येतो आणि पुढे कुठल्या आळ्यात मुरतो हे त्याच पावतीवर छापले तर बराच खुलासा होईल. राहिले लोक. लोक जाळ्या भंगारात विकतात, शेळ्या सोडतात, दुकानाची पाटी झाकली म्हणून रात्री बुंध्याशी नको ते ओततात, असे अधिकारी सांगतात आणि त्यातले काहीच खोटे नाही. पण शेळीला यात गोवू नये. गावातल्या प्रत्येक रोपाची समक्ष स्थळपाहणी करणारी, जिवंत कोणते आणि मेलेले कोणते हे अचूक सांगणारी ती एकटीच आहे. झाडांची गणना पाच वर्षांनी न करता तिच्याकडे दिली तर आकडे खरे येतील. आणि लोक म्हणजे काही फक्त खिळे ठोकणारे नव्हेत. लातुरात ग्रीन लातूर वृक्ष टीम नावाची नागरिकांची मंडळी लावलेल्या झाडांना पाणीही घालतात, म्हणजे वृक्षारोपणाच्या शास्त्रात जे वर्ज्य आहे नेमके तेच करतात. यावर तिसरा आक्षेप असा येतो की मग लोकांनीच करावे की, महापालिका कशाला? याचे उत्तर सोपे आहे. पहाटे उठून रस्त्याचे दिवे लावायला किंवा गटार उपसायला आपण हौशी मंडळ स्थापन करत नाही. झाडच तेवढे पुण्यकर्मात आणि बाकी सगळे नागरी सुविधांत, ही वाटणी कुणी केली?

काही जण नांदेड-लातूरच्या मातीचाच दाखला देतात: इथे काही येतच नाही हो, मुरूम आणि ऊन. त्यांनी एकदा महापालिकेच्याच कोणत्याही जुन्या इमारतीच्या गच्चीकडे मान वर करून पाहावे. पावसाच्या पाण्याचा पाइप जिथे भिंतीत शिरतो तिथे एक पिंपळ असतोच. त्याला निविदा नाही, खड्डा नाही, जाळी नाही, कोणी मान्यवर नाही. कावळ्याने लावला आणि कावळा परत फिरकला नाही. तो दरवर्षी तोडतात आणि तो दरवर्षी येतो, कारण त्याच्या मुळाशी गळक्या पाइपाचा अखंड थेंब आहे. हाच तर सगळा मुद्दा आहे. या मातीत झाड येते, या उन्हातही येते, त्याला फक्त सहा-आठ महिने न चुकता एक थेंब लागतो. आणि आपल्या शहरात न चुकता गळते ती एकच गोष्ट असल्याने पिंपळाने योग्य जागा ओळखली आहे.

तेव्हा करायचे ते एवढेच, की गुत्तेदाराचे देयक रोप लावल्यावर न देता तिसऱ्या मे महिन्यात द्यायचे, आणि ते खड्ड्यावर न देता सावलीवर द्यायचे. सावली मोजायला उपग्रह नको. दुपारी एकच्या ठोक्याला झाडाखाली किती दुचाक्या उभ्या आहेत ते मोजावे. उन्हात गाडी लावणारा माणूस या दोन शहरांत अजून जन्मला नाही, त्यामुळे या मापात लबाडी कमी. यावर लगेच शंका निघेल की गुत्तेदार भाड्याने दुचाक्या आणून उभ्या करतील. करतीलच. त्याहून हुशार असतील ते आदल्या रात्री चार बांबू रोवून, वर हिरवी शेडनेट ताणून, खाली कुंडीतला निंब ठेवतील आणि मोजणीदाराला लिंबू सरबत देतील. पण तीन वर्षांत एकदा का होईना, मे महिन्यात, भर दुपारी, आयटीआय चौकात नाहीतर गंजगोलाईत सरकारी खर्चाने सावली पडेल, आणि शेडनेट काढायला कुणी आलेच तर खाली बसलेले रिक्षावाले ते काढू देणार नाहीत.